पांढरीच्या रानाचा अहवाल

नांदेड, ९ डिसेंबर २०२४

बुद्धप्रिया,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या एका बाईकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलला उत्तर देत नाहीस. उरला पोस्टमन.

काम आहे. अर्धापूर आणि मुदखेडच्या मधे लोणवाडी म्हणून गाव आहे. तिथे एकशे दहा एकरांवर केळी पिकवून, साठवून बाहेर पाठवायची मोठी वसाहत होणार आहे. शीतगृहं, शेड, रस्ते, सगळं. कर्ज परदेशी बँकेचं आहे आणि बँकेची अट अशी की माती हलवायच्या आधी जमिनीखाली जुनी वस्ती असण्याची शक्यता किती, ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तो तज्ज्ञ म्हणजे मी. आठ वर्षांत एकोणीस जागांची तपासणी केली. आता नांदेड-लातूर भागात असं काम निघालं की पहिला फोन मला येतो. फुशारकी समज हवी तर, पण खरं आहे.

नव्या मुलींना मी आजही तुझ्याच शब्दांत शिकवते. आपण खोदत नाही, आपण वाचतो. खोदायचा परवाना सरकारचा, आपल्या हातात फक्त पाय आणि डोळे. दहा-दहा पावलांवर रांगा धरून चालायचं, वर आलेलं खापर उचलायचं, विहिरींच्या कडा बघायच्या, म्हाताऱ्यांना विचारायचं. तुझ्यासारखं चालणारं माणूस मला नंतर मिळालं नाही. तू वाकलीस की काहीतरी असायचंच.

म्हणून विचारते. लातूरजवळच्या त्या मुरुडच्या शाळेत आठवीला इतिहास शिकवण्यात तुझं काय भागतं? परत ये. माझ्या हाताखाली नाही, बरोबरीने.

राहिलं ते मुरुडच्या गोदामांच्या जागेचं. तुझी टिपणं उशिरा आली, तोवर अहवाल गेला होता. त्यात तुझा दोष नव्हता, माझाही नव्हता. आठ वर्षं ते धरून बसण्यात काय अर्थ आहे?

अम्मी तुझी आठवण काढते. 

कहकशां


लोणवाडी, २१ डिसेंबर

बुद्धप्रिया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'टिपणं उशिरा आली नव्हती.' खाली सही. बस्स.

पाकीट न घालता पोस्टकार्डच का, तेही कळलं. माझ्या हातात यायच्या आधी ऑफिसात तिघांनी वाचलं.

त्यावर लिहीन. आधी रानाचं ऐक, कारण ते ऐकल्यावर तुला झोप यायची नाही, आणि मला दुसरं कोणी नाही ज्याला हे सांगावं.

पहिले आठ दिवस काही नव्हतं. केळीच्या बागांत पाचोळ्याने जमीन दिसत नाही, हळदीत शिरता येत नाही. सोयाबीन निघालेल्या रानांतून आम्ही चौघं चाललो. नवव्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे चार एकरांचा एक उंचवटा लागला. लांबून कळतही नाही, फक्त चालताना पोटऱ्यांना कळतं. मातीचा रंग बदललेला. आजूबाजूला काळी, आणि इथे राख कालवल्यासारखी. बांधावर एक म्हातारा बसून आमच्याकडे बघत होता. भीमाकाका. रान त्यांचंच.

"बाई, चार दिस झाले बघून राहिलो," ते म्हणाले. "तुमी खालीच बघून चालता. काय हरवलं?"

"अजून सापडलं नाही, काका."

"म्हंजी काय हरवलं त्ये बी ठावं न्हाई?"

मी हसले, तेही हसले. मग त्यांनी सांगितलं. ह्याला पांढरीचं रान म्हणतात. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती, नावातच सगळं होतं. इथे भूत आहे म्हणून गावात कोणी नांगर घालत नव्हतं. "म्हणून तर आमच्या बापाच्या वाट्याला आलं. चांगलं रान आमाला कोन देतंय? भूतबित काय नव्हतं बाई. खापराच लई. बैलाचे खूर फाटायचे. माझ्या मायनं पाट्यांनी खापरा येचल्या अन् ओढ्यात टाकल्या. दहा वर्सं."

दहा वर्षं, बुद्धप्रिया. तिने काय काय ओढ्यात टाकलं असेल!

त्यांची विहीर पाहायला मी दोर बांधून उतरले. वर वीतभर नांगरटीची माती. खाली पांढुरका थर, माझ्या दीडपट उंचीचा. राखेचे पट्टे, हाडांचे तुकडे, आतून काळी नि बाहेरून तांबडी अशी खापरं. आणि पूर्वेच्या कडेला, खोदणाऱ्यांनी न बघता अर्धी कापलेली, भाजक्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेली विहीर. विहिरीच्या पोटात विहीर! कोणीतरी दोन हजार वर्षांच्या मागेपुढे त्याच जागी पाण्याला उतरलं होतं. मी तिथे दोराला लटकलेली, आणि वरून भीमाकाका ओरडतायत, "बाई, बऱ्या हाव का?"

बरी होते. इतकी बरी कित्येक वर्षांत नव्हते.

कहकशां


नांदेड, ४ जानेवारी २०२५

बुद्धप्रिया,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मी तुझ्या एका ओळीला बगल देऊन तुला विहीर दाखवली.

परवा कंपनीचे हरिओम साहेब रानावर आले होते. जमिनीचे सगळे व्यवहार तेच बघतात. वागायला गोड, वेळेचे पक्के. मी त्यांना उंचवटा दाखवला. ते पाचच मिनिटं उभे राहिले.

"मॅडम, हा तुकडा रस्त्याला लागून आहे. मुख्य फाटक इथेच येणार," ते म्हणाले. "तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. तुमचं नाव मीच सुचवलं होतं. का माहितीये? मुरुडचा तुमचा अहवाल मी वाचला होता. एकदम स्वच्छ. एक निकाल, विषय संपला. बाकीचे लोक उगाच फाटे फोडतात. मला तसाच स्वच्छ अहवाल पाहिजे."

मी गाडीत बसले आणि निघाले. मला वाटत होतं, मला पहिला फोन येतो तो माझ्या कामामुळे. तो येतो मुरुडमुळे.

आता लिहिते. हे मी कोणालाच लिहून दिलेलं नाही, तेव्हा वाकडंतिकडं होईल.

एप्रिल २०१६. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या दिवसांत आपण मुरुडच्या त्या रानात चालत होतो. माझ्या ऑफिसचं ते पहिलं काम. शेवटच्या दिवशी दुपारी चारला तू ओढ्याकडून आलीस. चेहरा उन्हाने काळा पडलेला, ओठ फुटलेले. तू डायरीतली सहा पानं फाडून माझ्या हातात दिलीस. मोठ्या विटांची रांग, लांबी-रुंदी-जाडीसकट. शंखाच्या बांगड्यांचे अकरा तुकडे, प्रत्येकाचं चित्र. मी ती पानं वाचली. पूर्ण वाचली, दोनदा. अहवाल दुसऱ्या दिवशी अकराला द्यायचा होता.

मी मनात म्हटलं, हे लिहिलं तर काम सहा महिने अडकेल आणि मला दुसरं काम कोणी देणार नाही. पानं टाचणी लावून फाइलच्या मागे ठेवली आणि लिहिलं, 'पुरातत्त्वीय शक्यता नगण्य.'

मे महिन्यात जेसीबी लागला तेव्हा तू तिथे गेलीस, मी गेले नाही. विटा ट्रॅक्टरने रस्त्याच्या भरावात गेल्या, हे मला नंतर कळलं. जूनमध्ये विद्यापीठातल्या सरांनी ऑफिसात येऊन विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, टिपणं उशिरा आली. तू समोरच बसली होतीस. तू ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आपा, तुम्ही पाहिलं नाही असं नाही. पाहून लिहिलं नाही." त्यानंतर तू मला आपा म्हटलं नाहीस, म्हणायला भेटलीच नाहीस.

टिपणं उशिरा आली नव्हती. 

रात्री जेवताना अम्मीला सांगितलं. आठ वर्षं तिलाही मी खोटंच सांगत आले होते. ती भाकरी मोडता मोडता थांबली. "वो बच्ची इद को घर आती थी," म्हणाली. "तू बोली, नौकरी छोडके गई. मैं उसको नमकहराम समझी." मग ताट सरकवून उठली.

कहकशां


लोणवाडी, १७ जानेवारी

बुद्धप्रिया,

तुझं दुसरं पोस्टकार्ड. 'वाचलं. पुढे काय?' ह्या वेळेस ऑफिसात मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं.

पुढे असं झालं.

अहवाल पाठवायच्या आधी भीमाकाकांना सांगायचं मी ठरवलं होतं. विहिरीपाशी बसून सांगितलं. तुमच्या चार एकरांखाली आणि शेजारच्या पाच एकरांखाली जुनं गाव आहे. तिथे पाया खोदू नये, असं मी लिहिणार.

त्यांनी विहिरीत एक खडा टाकला. मग म्हणाले, "म्हंजी समद्यांचं इकणार अन् माझंच राहणार."

"तसं नाही, काका..."

"तसंच हाय. भुताचं रान म्हणून आमाला दिलं. आमी भूत पळवलं, रान केलं. आता त्याला भाव आला, तर तुमी म्हणता खाली जुनी माणसं हायत. बाई, माझे गुडघे गेले. लेक नांदेडला हाय, तिच्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. जुनी माणसं मेली ती मेली. मी जित्ता हाय ना!"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, मला माहीत नाही. मला एक क्षण वाटलं, नगण्य लिहावं. खरंच वाटलं. मुरुडला मी स्वतःसाठी लिहिलं होतं, इथे निदान ह्या माणसासाठी लिहीन. आणि मग लगेच कळलं की हा तोच रस्ता आहे, फक्त चांगले कपडे घातलेला.

मी नकाशा काढला. वसाहतीला एक तृतीयांश जागा मोकळी, हिरवी ठेवावीच लागते. त्यांनी ती उत्तरेला, खडकाळ कोपऱ्यात दाखवली आहे. मी पेन्सिलने ती उचलून पांढरीवर ठेवली, आणि शेड उत्तरेला. फाटक दोनशे पावलं पुढे. काम अडत नाही, काकांचं रानही विकलं जातं, फक्त त्यावर बांधकाम होत नाही.

"कंपनी ऐकंल?"

"ऐकेल. ऐकायला लावते."

"कागदावर लिवून द्या."

"देते." आणि अहवालात तसं लिहिलंही, की मोकळ्या जागेसाठी घेतलेल्या जमिनीला इतरांइतकाच भाव मिळावा. हे आमचं काम नाही असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

ह्यानंतरचं जास्त अवघड. मी काकांना मुरुडचंही सांगितलं. माझी नेमणूक त्याच अहवालावर झाली आहे. उद्या कोणी ते उकरून काढलं तर लोणवाडीचा अहवालही पडेल. कंपनी म्हणेल, खोटं लिहिणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून रान मोकळं कशाला ठेवायचं? मग पांढरीवर थेट जेसीबी. म्हणून मीच आधी सांगायला हवं.

"आत्ताच कशापायी?" काका म्हणाले. "आधी माझं इकू द्या. मंग काय खरं बोलायचं त्ये बोला."

मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी अहवाल पाठवला, आणि त्याबरोबर वेगळं पत्र, बँकेला आणि पुरातत्त्व विभागाला. मुरुडच्या जागेची शक्यता नगण्य नव्हती. टिपणं वेळेवर मिळाली होती. ती मी मुद्दाम वगळली. टिपणं बुद्धप्रियाची, चूक माझी. सोबत तुझी सहा पानं जोडली. हो, आहेत माझ्याकडे. टाचणीचा गंज लागलाय, बाकी अक्षर जसंच्या तसं.

कहकशां


नांदेड, ५ फेब्रुवारी

बुद्धप्रिया,

जे व्हायचं होतं ते झालं. बँकेने लोणवाडीचा माझा अहवाल बाजूला ठेवला. म्हणाले, तुमच्या ऑफिसशी संबंध नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाने जागा पाहावी, तोवर सगळं थांबेल. जमिनींचे व्यवहारही.

हरिओम साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, ठीक आहे. चौदा शेतकऱ्यांच्या पायावर का मारला?" त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. मी गावात गेले तर पारावरची माणसं उठून गेली. भीमाकाका उठले नाहीत. तोंड फिरवून बसले.

बँकेने मला विचारलं, कोणी तज्ज्ञ सुचवता का, ज्याचं तुमच्याशी साटंलोटं नाही. मी उत्तर पाठवलं. माझ्याविरुद्ध बोलायला जराही कचरणार नाही असं एकच माणूस मला माहीत आहे. ती मुरुडला शाळेत शिकवते.

त्यांचं पत्र तुला दोन-तीन दिवसांत येईल. मी तुला काही मागत नाही. माझी बाजू घे असं तर मुळीच नाही. जागा बघ. तुला नगण्य वाटली तर नगण्य लिही. पण चालायला ये. त्या रानात तू एकदा चालायलाच हवं.

एक सांगून ठेवते. अम्मीने तुझ्यासाठी बेसनाचे लाडू केले आहेत आणि मी पोचवले नाहीत तर मला घरात घेणार नाही असं म्हटलं आहे. ही लाच समजू नये.

कहकशां


नांदेड, २४ फेब्रुवारी

बुद्धप्रिया,

तीन दिवस तू लोणवाडीत होतीस आणि माझ्याशी मोजून सात वाक्यं बोललीस. 'हा बांध कोणाचा?' 'उत्तर कुठे?' अशी. मी मागे मागे चालत होते, तुझ्या आधी आठ दिवस तेच रान तुडवलेली. आणि तू पहिल्याच सकाळी ओढा ओलांडून पलीकडे गेलीस!

मी पलीकडे गेलेच नव्हते. ओढा म्हणजे हद्द, असं धरून चालले होते. तू म्हणालीस, "ओढा आज इथे आहे. तेव्हा कुठे होता?" आणि वाकलीस. तू उठलीस तेव्हा हातात शंखाच्या बांगडीचा तुकडा होता. माझी नऊ एकरांची आखणी तुझ्या नकाशात अकरावर गेली.

दुसरी चूक तू सगळ्यांसमोर काढलीस, हरिओम साहेबांसमोर, भीमाकाकांसमोर. मी लिहिलं होतं, पांढरीवर हरित पट्टा करा, झाडं लावा. तू म्हणालीस, "झाडं? मुळं कुठे जातील? खाली सगळं फोडून ठेवतील. इथे गवत. फक्त गवत." एवढं साधं मला सुचलं नव्हतं. एकोणीस जागांची तज्ज्ञ! मला हसू आलं आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा तुझ्याही तोंडाचा कोपरा हलला. नाही म्हणू नकोस. मी पाहिलं.

हरिओम साहेब म्हणाले, "गवत तर झाडांपेक्षा स्वस्तच पडेल." आणि माणूस तिथेच मऊ झाला.

काल बँकेचं पत्र आलं. तुझा अहवाल मान्य. अकरा एकर मोकळे, शेड उत्तरेला, फाटक पुढे. ओढ्यावर पूल होईल तिथे आधी पुरातत्त्व विभाग दोन लहान चाचणी खड्डे घेणार, देखरेख तुझी. भीमाकाकांच्या रानाला इतरांचाच भाव. माझं नाव बँकेच्या यादीतून काढलं आहे. दोन वर्षं मी त्यांचं काम करू शकणार नाही. ऑफिसातल्या तिघांना दुसरीकडे कामं लावून दिली. मी लोकांच्या अर्जांचे कागद भरून देते, शिकवण्या घेते. आपलं व्यवस्थित चाललंय. अम्मी म्हणते, माझं वजन वाढलं.

भीमाकाकांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "ती मास्तरीण बाई बरी हाय," म्हणाले. "तुमच्यापरीस जास्त बघती." मग मी निघताना, "तुमी बी बऱ्याच हाव. उशिरा, पण हाव."

जाताना तू मुदखेडच्या स्टेशनवर आठवं वाक्य बोललीस. "मुरुडला या. जिथे नगण्य लिहिलं, तिथल्या माणसांना तोंडाने सांगा. कागद त्यांनी वाचलेले नाहीत."

मी येते. तारीख तू ठरव.

कहकशां


नांदेड, १६ मार्च

बुद्धप्रिया,

काल तू तिथेच होतीस, मग हे का लिहिते? कारण सगळं झाल्यावर गुरम्मा, ती पहिल्या बाकावरची म्हातारी, माझ्याशी बोलल्या तेव्हा तू वर्गाच्या दाराशी मुलांना रांगेत लावत होतीस. त्या हळू बोलल्या. तुला ऐकू गेलं नाही.

शाळेच्या वर्गात चाळीस माणसं आणि तुझी आठवी. मी उभी राहिले. बोलताना मला कधी भीती वाटत नाही, तुला माहीत आहे, पण काल पहिलं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. तरी बोलले. इथे ओढ्याच्या काठी जुनी वस्ती होती. तुमच्या ह्या बाईंना ती सापडली होती. त्यांनी मला वेळेवर लिहून दिलं होतं. मी ते दडवलं. आता त्यावर गोदाम आहे आणि ते परत येणार नाही. मागून एकाने विचारलं, "मग आता सांगून काय उपेग?" मी म्हणाले, उपयोग एकच, ओढ्याच्या वरच्या अंगाची रानं अजून शिल्लक आहेत, तिथे काही निघालं तर ह्या बाईंना दाखवा, त्या खरं सांगतील. तो माणूस मान हलवून बसला. मुलांपैकी एकीने मला विचारलं, तुम्हाला शिक्षा झाली का? मी म्हणाले, थोडी.

नंतर तू बाहेर गेलीस आणि पहिल्या बाकावरच्या म्हातारीने मला हाताने जवळ बोलावलं. गोदामाची जमीन जिची होती ती. मी कधी तिला भेटले नव्हते. सोळा साली तिच्या रानाचा निकाल मी लिहिला, तिचं तोंड न बघता.

"ती मशीन चालली त्या दिशी," गुरम्मा म्हणाल्या, "ही पोरगी आमच्या बांधावर बसून रडत व्हती. मी जवळ गेले. पानी न्हवतंच कुठं त्या साली, घोटभर व्हतं ते दिलं. इचारलं, काय झालं गं माय? तर म्हणाली, हितं लई जुनं घर व्हतं, ते चाललं. मी म्हणलं, मग तुमच्या मोठ्या बाईनं का न्हाई सांगितलं? तर म्हणाली, आपांची चूक न्हाई. माझेच कागद उशिरा गेले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा रागाने, मी बहिरी असल्यासारखं. आणि पुढे म्हणाल्या, "मी तिला म्हणलं, मंग ती बाई तुला कामावर ठेवंल का? तर म्हणाली, ठेवतील. लई चांगल्या हायत आमच्या आपा."

बुद्धप्रिया, मला वाटत होतं ते खोटं माझं आहे. मी रचलं, माझ्या सोयीसाठी. तू ते मे महिन्यातच बोलून मोकळी झाली होतीस, एका अनोळखी बाईशी, मला झाकायला. आणि जूनमध्ये मी तेच तुझ्या तोंडावर फेकलं, तेव्हा तू एका शब्दाने सांगितलं नाहीस की आपा, हे तर मीच तुमच्यासाठी...

मी बाहेर आले तेव्हा तू फळ्याचा खडू हातावरून झटकत होतीस. लातूरची बस लागली होती. तू म्हणालीस, "बस सुटेल." मी बसले. खिडकीतून काहीतरी बोलायचं होतं, पण बाजूला एक माणूस कोंबडीची टोपली घेऊन चढला आणि त्या गोंधळात बस निघाली. लातूरपर्यंत मी रडत गेले. कंडक्टरने विचारलं, कोणी वारलं का? मी म्हणाले, नाही हो, कोणी वारलं नाही.

आता कामाचं. चोवीस तारखेला सोमवारी विभागाची माणसं लोणवाडीला चाचणी खड्ड्यांची आखणी करतील. देखरेख तुझी, तेव्हा माणसंही तूच निवडायची. मला खापरं धुवायला घे. धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर नंबर घालायचा. बी.ए.च्या मुली करतात ते काम. माझं अक्षर चांगलं आहे, चुका करणार नाही, आणि तू उद्या दहा वेळा म्हणालीस की हा नंबर चुकला, तर दहा वेळा पुसून लिहीन.

नको म्हणालीस तरी चालेल. ते पोस्टकार्डावर पाठव. मी ऑफिसच्या रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझी,
कहकशां आपा

(पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता फोन वाजला. आठ वर्षांनी तुझं नाव दिसलं. तू म्हणालीस, "आपा, सोमवारी सातला. खापरं धुवायला दात घासायचे ब्रश आणा, मऊ." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. तरी हे पत्र पाठवते आहे. गुरम्माचं मी फोनवर बोलू शकले नसते.)